लांडगे मोजायचे तर आधी मेंढीचे पैसे द्या

प्रति,
मा. विभागीय आयुक्त,
नाशिक विभाग, नाशिक रोड.

विषय : विभागातील लांडग्यांची मोजणी आणि मेंढपाळांची नुकसानभरपाई हे दोन्ही एकाच टेबलावर घेण्याबाबत.

महोदय,

सिंहस्थाच्या तयारीत आपल्या कार्यालयाला सध्या श्वास घ्यायला फुरसत नसणार, हे जेल रोडवर राहणाऱ्या माझ्यासारख्याला येता-जाता दिसतंच. अशा दिवसांत कुणी लांडग्यांचा विषय घेऊन यावं हा जरा आगाऊपणाच. पण सिंहस्थ बारा वर्षांनी पुन्हा येणार आहे. लांडग्याबद्दल तेवढी खात्री देता येत नाही, म्हणून लिहितो.

मी निवृत्त पशुवैद्य. नोकरीचा मोठा काळ जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत गेला आणि मग नाशिक रोडला येऊन राहिलो. इथे वन्यप्राणी म्हटलं की बिबट्या. दारणाकाठचा ऊस, चेहेडी, पळसे, सामनगाव, कधी थेट जयभवानी रोड. पिंजरा लागतो, बघे जमतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्याची मोजणीही होते: २०२२च्या अंदाजानुसार राज्यात १,९८५ बिबटे. लांडग्यासाठी पिंजरा लागत नाही आणि त्याचा फोटो पेपराकडे कुणी पाठवत नाही. तो माळावर राहतो, आणि माळ आपल्या दप्तरी पडीक आहे.

आकडा अजिबात नाही असं नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली देशातल्या लांडग्यांचा अंदाज प्रसिद्ध केला. प्रौढ लांडगे ३,१७०. मध्य प्रदेशात ७७२, राजस्थानात ५३२, गुजरातेत ४९४, महाराष्ट्रात ३९६. त्याच वर्षीच्या व्याघ्रगणनेत देशातले वाघ सरासरी ३,६८२ निघाले. वाघाहून लांडगा कमी, हे सांगितलं की लोक चमकून बघतात. वाघांसाठी पन्नासहून अधिक व्याघ्र प्रकल्प आहेत. लांडग्याच्या नावाने झारखंडातलं महुआडांड अभयारण्य १९७६ पासून आहे, अलीकडे कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरची भर पडली. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मात्र वाघ आणि लांडगा शेजारी शेजारी बसलेले आहेत.

हा ३९६ आला कसा, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कुणी ३९६ लांडगे पाहिलेले नाहीत. व्याघ्रगणनेच्या निमित्ताने फिरलेल्या पथकांना मिळालेल्या खुणा, कॅमेऱ्यात आलेले लांडगे आणि इतर ठिकाणांहून जमवलेल्या नोंदी घेऊन, लांडगा कुठे असण्याची शक्यता किती याचा नकाशा केला. एका टोळीचं क्षेत्र सरासरी १८८ चौरस किलोमीटर आणि टोळीत प्रौढ लांडगे तीन, हे रेडिओ पट्टे बांधलेल्या लांडग्यांच्या अभ्यासांवरून घेतलं. मग भागाकार आणि गुणाकार. शास्त्रज्ञ प्रामाणिक होते, त्यांनी देशाचा आकडा २,५६८ ते ३,८४७ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो असं शेजारी छापलं. ही शेजारची ओळ बातमीत येत नाही. देशाच्या आकड्यात एवढी चूकभूल असेल, तर राज्याच्या आकड्यात ती प्रमाणाने वाढणार, आणि जिल्ह्याचा आकडा काढायला गेलं तर हाती धूळच.

हेच गणित उलटं करून पाहा. ३९६ भागिले तीन म्हणजे १३२ टोळ्या. गुणिले १८८ म्हणजे सुमारे २५ हजार चौरस किलोमीटर, राज्याचा जेमतेम बारावा हिस्सा. दुसरीकडे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पश्चिम महाराष्ट्राचा सुमारे ८९ हजार चौरस किलोमीटरचा मुलूख घेतला होता, आणि लांडगा, बिबट्या, तरस हे तिघेही राखीव जंगलाबाहेरच्या शेतीच्या प्रदेशात दूरवर वावरतात असं त्यात दिसलं. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात. पाऊल पडतं तो सगळा मुलूख टोळीचं बिऱ्हाड नसतो. पण नेमकं कुठे बिऱ्हाड आहे आणि कुठे नुसती ये-जा, हे आपल्या पाच जिल्ह्यांपुरतं सांगणारा कागद माझ्या तरी पाहण्यात नाही.

जगातही फार वेगळं चित्र नाही. पृथ्वीवर दोन ते अडीच लाख लांडगे आहेत, हा आकडा सगळीकडे सापडतो. तो बनतो भिन्न प्रतीच्या अंदाजांची बेरीज करून. कॅनडा ५० ते ६० हजार सांगतो. अलास्का ७ ते ११ हजार, म्हणजे एका राज्याच्या अंदाजातच चार हजारांची फट. स्वीडनचं काम काटेकोर, कारण तिथे बर्फ पडतो. हिवाळ्यात पावलांचा माग काढायचा, वाटेतली विष्ठा उचलायची, डीएनए तपासून कोण कोणाचं पिल्लू ते ठरवायचं. २०२४-२५च्या हिवाळ्यात त्यांच्याकडे ३५५ लांडगे निघाले. आपल्याकडे बर्फ नाही, फुफाटा आहे, आणि तो मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत बर्फाइतकंच चोख काम करतो. वाचणारा हवा.

इटलीचं उदाहरण मला आपल्यासाठी सगळ्यांत उपयोगी वाटतं. इटलीचं क्षेत्रफळ सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचं त्याहून थोडं जास्त. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत जेमतेम शंभर लांडगे उरल्याचा अंदाज होता. २०२०-२१ मध्ये त्यांनी देशभर एकाच वेळी मोजणी केली. तीन हजारांच्या आसपास माणसं माग काढत ८५ हजार किलोमीटरांवर चालली आणि आकडा आला ३,३०७. म्हणजे आपल्या राज्याएवढ्या देशात आपल्या अख्ख्या देशाएवढे लांडगे. चालणाऱ्यांत वनकर्मचारी होते तसे स्वयंसेवकही. एवढी चालणारी माणसं आपल्याकडे कुठून आणायची, असं कुणी विचारील. ती आणायची गरज नाही. ती रोज चालतच आहेत, मेंढरांच्या मागे.

१८३१ साली आपल्या भारतीय लांडग्याला शास्त्रीय नाव दिलं ते दख्खनवरून आणलेल्या नमुन्यावरून, आणि देणारा होता कर्नल साइक्स, मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलेला अधिकारी. आकड्यांचा माणूस आणि लांडगा यांची गाठ इथली जुनी आहे. त्यानंतर सरकारने लांडगे खरोखर मोजले, पण मेलेले. इतिहासकार महेश रंगराजन यांनी जुन्या नोंदींवरून दाखवलंय की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात बक्षिसासाठी मारलेल्या लांडग्यांची संख्या दोन लाखांच्या घरात जाते. ही नोंद कशी राहिली? दर मुडद्यामागे रोख पैसे मिळत होते म्हणून. माणसं कोसकोस चालून पुरावा घेऊन कचेरीत येत होती. पैसे हातात पडणार असतील तर माळावरची बातमी आपल्या पायांनी कचेरीत येते, एवढाच धडा मला त्यातून घ्यायचा आहे.

आज उलटं आहे, बातमी दिली तर खर्च होतो. एक प्रसंग सांगतो, तालुक्याचं नाव घेत नाही.

एका शेतात धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसला होता. शेतकरी खतासाठी मेंढ्या रात्री रानात बसवून घेतात, बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावलेली, आत मेंढरं, बाहेर दोन कुत्री. पहाटे वाघरीबाहेर राहिलेली एक मेंढी लांडग्यांनी धरली. मी पोचलो तेव्हा ती बांधाला पडली होती, मागचा फरा अर्धा खाल्लेला. वरून बघून काही ठरत नाही, कातडं सोलावं लागतं. गळ्यावरच्या दाताच्या भोकाभोवती आतल्या बाजूने रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसलेला. नसेल, तर मेंढी आधीच मेलेली आणि कुणीतरी नंतर ताव मारलेला. इथे साकळलं होतं, गर्द जांभळं, गळ्याच्या दोन्ही अंगांना. कानांवर, मांड्यांवर, शेपटाशी ओरबाडे नव्हते. गावकुत्र्यांचं काम असतं तर असते. कुत्री मागून फाडत सुटतात, पाच-दहा मेंढ्या जायबंदी करतात आणि खातात थोडंच. शेजारच्या गाडीवाटेवर फुफाट्यात पावलं होती, सरळ रेषेत, मागचा पाय पुढच्याच्या ठशातच पडलेला. कुत्रं असं चालत नाही, ते हुंगत, वळत जातं. धनगराची म्हातारी आई काठी टेकत आली, वाकली आणि म्हणाली, "तीन मोठी हायेत. एक औंदाचं." मला दोनच वेगळी काढता आली होती.

टोळी आहे, तीन प्रौढ आहेत, यंदा पिल्लू जगलंय. कुठल्याही देशातला लांडग्यांचा अभ्यासक एवढ्या माहितीसाठी आठवडाभर रानात बसायला तयार होईल. कागदावर त्यातलं काहीच गेलं नाही. घटना ४८ तासांत कळवायची आणि पंचनामा होईस्तोवर कलेवर हलवायचं नाही, असा नियम. गावात घर असलेल्याला तो जमतो. या माणसाचं आधार एका तालुक्याचं, बँक दुसऱ्या तालुक्यात, मेंढी मेली तिसऱ्यात. पंच गावचे लागतात आणि गाव त्याला ओळखत नाही. "साहेब, कागद व्हईस्तवर बाकीची मेंढरं काय खातीन?" म्हणत त्याने दुपारी वाडा हलवला. कोकरू गेलं असतं तर एवढंही झालं नसतं. कोकरू लांडगा उचलून नेतो, मागे कलेवर राहत नाही, आणि कलेवर नाही तर पंचनामा कशाचा?

भरपाई न मिळालेला माणूस पुढे काय करतो, हे मी लिहून देणार नाही. हिवाळ्यात माळावर लांडगीची पिल्लं असतात आणि बीळ कुठे आहे हे मेंढक्याइतकं कुणाला माहीत नसतं, एवढं सांगतो. अशा वेळी मेलेलं पिल्लूही कुठल्याच नोंदीत येत नाही. जिवंत लांडगा नोंदीत नाही, मेलेला नाही, मेलेली मेंढीसुद्धा नाही. वर्षाअखेरीस तालुक्याच्या तक्त्यात शून्य येतं, आणि शून्य म्हणजे लांडगा नाही असा अर्थ लावून तो माळ कशालाही द्यायला आपण मोकळे.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती मोजणीचीच आहे: वाड्यावर मेंढी मेली तर पैसे तिथेच, त्या आठवड्यात, कुठल्याही तालुक्यातल्या माणसाला मिळतील अशी व्यवस्था करा. लांडग्यांची आकडेवारी त्याच कागदावरून येईल. पंचनाम्याच्या नमुन्यात चार रकाने वाढवा: जागेचे अक्षांश-रेखांश, पावलं किती जणांची, पिल्लं होती का, आणि कातड्याखाली रक्त साकळलं होतं का. दाताच्या जखमेवरून कापसाच्या बोळ्याने लाळेचा नमुना घेऊन ठेवला, तर लांडगा की कुत्रं याचा डीएनए निकाल प्रयोगशाळा देऊ शकते. हे शेवटचं का हवं, तेही सांगतो. कुत्र्यांनी मारलेल्या मेंढीला भरपाई नाही. त्यामुळे पैसे वेळेवर मिळू लागले की गावकुत्र्यांची पापंही लांडग्याच्या नावावर चढतील. माणूसस्वभाव आहे, त्यात धनगराला वेगळं काढायचं कारण नाही. शिवाय पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. तेव्हा लाळेचा बोळा दोन कामं करील.

पंचनामा फक्त हल्ला झालेल्या जागा सांगतो. बाकी मुलखासाठी विचारत फिरावं लागेल, आणि विचारण्याचीही रीत आहे. विभागाच्या नकाशावर टोळीच्या क्षेत्राएवढे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात चार-पाच वाड्यांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न: गेल्या वर्षात इथे लांडगा दिसला का, किती एकत्र, पिल्लं होती का. पाचांपैकी दोघांनीच पाहिला असेल तर लांडगा आहे हे कळतं, आणि तिघांच्या नजरेतून तो सुटू शकतो हेही कळतं. या सुटण्याचं प्रमाण हाती आलं की जिथे पाचही जण नाही म्हणाले, तिथे खरोखर नाही की दिसला नाही, याचा हिशेब मांडता येतो. म्हणून 'नाही' हे उत्तरही टिपून ठेवायचं. आपल्या यंत्रणेला 'निरंक' लिहायची सवय आहेच, फक्त ते विचारून लिहिलं जावं. वाडे शोधायचे कुठे, हाही प्रश्न राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची पहिल्यांदाच स्वतंत्र नोंद घेण्याचं ठरलं. २०१९च्या गणनेत राज्यातल्या मेंढ्या सुमारे २७ लाख भरल्या होत्या. मेंढ्या मोजणारी माणसं आपल्याकडे आहेत, त्यांच्या तक्त्यात एक ओळ वाढवायची आहे.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून होते तसली गणना कृपया सुचवू नये. चांदण्यात बसायला मजा येते, मीही बसलोय. पण माळावर मचाणाला झाड नसतं आणि लांडगा शेततळ्यावर पाणी पिऊन जातो. आवाजावरून मोजण्याची पद्धत मात्र मला आशेची वाटते. भारतीय लांडग्याची ओरड सहा किलोमीटरांहून लांब ऐकू जाते, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच लांडग्यांच्या ४९ ओरडींवर शिकवलेल्या संगणकाने ९८ टक्के वेळा कोण ओरडतोय ते बरोबर ओळखलं. नवे चार लांडगे दिल्यावर अचूकता ७५ टक्क्यांवर आली. प्रयोग म्हणून उत्तम, विभागभर लगेच वापरावा असा नाही. टोळीने एकदम सूर धरला की तीन लांडगे दहांसारखे ऐकू येतात, हे कुठलाही राखणदार सांगेल.

मोजणीचा धोकाही लपवत नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये परवानाधारक शिकाऱ्यांना ११९ लांडग्यांची मर्यादा घालून दिली होती. तीन दिवसांच्या आत २१८ मारले गेले. युरोपात २०२२ साली किमान २१,५०० लांडगे भरले आणि डिसेंबर २०२४ मध्ये वन्यजीवांसाठीच्या बर्न करारातलं त्यांचं संरक्षण एक पायरी खाली आणायचं ठरलं. आकडा हाती आला की 'फार झाले' म्हणणारे मागोमाग येतात. आपल्याकडे ती वेळ अजून लांब आहे. २०२५ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने भारतीय लांडग्याचं पहिल्यांदाच वेगळं मूल्यमापन केलं आणि त्याला 'असुरक्षित' गटात घातलं. जनुकीय अभ्यास सांगतात की आपला लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक. ती तुटली तर कॅनडातून लांडगे आणून सोडता येणार नाहीत, जसे १९९५-९६ मध्ये यलोस्टोनमध्ये सोडले. तरीही विनंती अशी की आकडा एकटा जाहीर करू नये, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असाच छापावा, आणि बिळांच्या जागा कुणालाही देऊ नयेत, पत्रकारांना तर नाहीच.

वनखातं थेट आपल्या हाताखाली येत नाही, याची मला कल्पना आहे. पण गायरान, पडीक, पोटखराबा या सगळ्या जमिनींचा कागद महसुलाचा आहे. वृक्षलागवडीचं उद्दिष्ट आलं की पहिली नजर माळाकडे जाते, सौरप्रकल्पाला जागा हवी की माळ, कशाचीही वसाहत काढायची की माळ. चर खणून झाडं लावलेल्या माळावर मेंढीला चरता येत नाही आणि लांडग्याला लांबवरचं दिसत नाही. धनगर आणि लांडगा एकाच जमिनीवरून उठतात, फक्त धनगर मोर्चा काढू शकतो. येवल्यात ममदापूर-राजापूरला काळविटांसाठी संवर्धन राखीव झालं, अहिल्यानगरकडे रेहेकुरी १९८० पासून आहे. दोन्हीकडे कुंपणाबाहेरचा माळच लांडग्याच्या जास्त कामाचा. निदान चौकोनांची विचारपूस पुरी होईपर्यंत विभागातल्या गवताळ गायरानांचा वापर बदलण्याच्या प्रस्तावांवर 'लांडग्याची नोंद आहे किंवा नाही' असा एक रकाना ठेवता येईल. तो भरला गेल्याशिवाय सही नको.

घाईचं कारण ऋतूचं आहे. दिवाळीनंतर बरेच वाडे घाटाकडे निघतात आणि मृगाच्या आधी परततात. पिल्लांचा काळही साधारण डिसेंबरच्या आगेमागे. पंचनाम्याचा सुधारलेला नमुना आणि जागेवर पैसे देण्याचा आदेश दसऱ्याच्या आत निघाला, तर याच हिवाळ्यात वाडे वाटेवर असताना विचारणं सुरू करता येईल. नमुन्याचा मसुदा आणि कातडं सोलून तपासण्याची एक पानी टिपणी मी तयार करून ठेवली आहे. आपले अधिकारी सांगतील तेव्हा आपल्या कार्यालयात आणून देईन. घरून चालत येण्याएवढं अंतर आहे.

आपला,
जेल रोडवरचा एक निवृत्त पशुवैद्य

प्रत माहितीसाठी : मुख्य वनसंरक्षक (प्रादेशिक), नाशिक, प्रादेशिक पशुसंवर्धन सहआयुक्त, नाशिक, विभागातील पाचही जिल्हाधिकारी.